मुलींच्या बास्केटबॉलचा औंदा काय चान्स?

नाही, पण मी म्हणतो, माणसाने बांगडे घ्यावेत की नाही सुखाने? की तेवढाही हक्क नाही आम्हाला? सकाळी बाजारात गेलो, टोपलीसमोर उकिडवा बसलो, बांगड्याचे कल्ले उघडून बघतोय, ताजा आहे की कालचा आहे, तेवढ्यात ती मासेवाली कोयता बाजूला ठेवते नि मला विचारते काय, "सर, औंदा काय चान्स?" कल्ल्यात बोट माझं! मी म्हटलं, कसला चान्स? तर म्हणते, "आमच्या चेडवांचो ओ! बॉस्केटबॉलात!" अहो, बॉस्केट म्हणते ती, बॉस्केट! आणि तिला चान्स हवाय!

सगळ्यांना हवाय. चहाच्या टपरीवर बसा, दाढीला बसा, कुणाच्या बाराव्याला जा... हो, बाराव्याला! पान मांडलंय, समोर दुःखात बुडालेला यजमान, तो वाटीत आमटी ओततो आणि हळूच कानाशी येतो, "सर, औंदा काय चान्स?"

आता तुम्हीच सांगा, मी कोण? मी सुदेश, कॉलेजचा खेळाचा शिक्षक, पण जन्माने कबड्डीवाला. मांडीवर थाप मारून घुसायचं नि समोरच्याला लोळवून यायचं, असा माझा खेळ. तो चेंडू जमिनीवर आपटत आपटत, जसा काय कुणी तांदूळ कांडतोय, असं पळायचं आणि मग वर टांगलेल्या भोकात टाकायचा, हा खेळ म्हणायचा? पण आमच्या कॉलेजला कुठल्यातरी पुढाऱ्याने दोन खांब दिले, रिंगसकट. खांब आले म्हणून टीम आली! प्राचार्य मला केबिनमध्ये बोलावून, चष्मा पुसत, त्या त्यांच्या गोड आवाजात, "सर, खेळ तो खेळच. कबड्डी काय, बास्केटबॉल काय, शेवटी घामच येतो ना?" घाम येतो म्हणून खेळ एक? मग मिरच्या खाल्ल्या तरी घाम येतो!

बरं, मैदान कुठे? तर खारेपाटणहून विजयदुर्गाला जाताना मध्ये तो उघडा बोडका सडा लागतो ना, नुसता कातळ, झाड म्हणून नाही, तिथे आमचं कॉलेज आणि त्याच्या मागे ते सिमेंटचं कोर्ट. वारा असा, की टांगलेला टॉवेल दुसऱ्या गावात मिळतो. तिथे बॉल टाकायचा म्हणजे आधी वाऱ्याला विचारावं लागतं. पोरी रिंगच्या हातभर डावीकडे नेम धरतात, मग वारा तो बॉल उचलून आत नेऊन घालतो. घातला तर! पावसाळाभर कोर्टावर शेवाळ, ते खरवडून होतंय तोवर गणपती. गणपतीत प्रॅक्टिसचं नाव काढलं तर पोरीच काय, त्यांच्या आया मला झोडतील. आणि गणपती संपून बघतो तर काय! कोर्टावर कुणीतरी डबलबारी भजनाचा सामना ठेवलेला, त्याच्या मांडवाला खांब हवेत, म्हणून बरोब्बर रिंगच्या खाली सिमेंट फोडून खड्डे! रात्रभर दोन बुवा एकमेकांना गाण्यातून शिव्या घालून गेले आणि माझ्या कोर्टाची चाळण! प्राचार्य म्हणतात, "बुजवून घेऊ, सर." बुजवले. लाल मातीने! आता तिथे बॉल आपटला की तो परत वर येतच नाही. तसाच बसतो. पोरी त्याच्याकडे बघतात, तो पोरींकडे बघतो.

आणि वर विचारतात, औंदा काय चान्स!

पोरींचं ऐका. कॅप्टन पूजा. खारेपाटणच्या अलीकडे एका गावात काजू-आंब्याची बाग, भातशेती, त्या घरातली. बुटकी, पण आवाज असा की शेजारच्या वाडीतली गुरं परततात. तिचा सगळा जीव एसटीच्या टायमावर. ऐन खेळात, हातात बॉल, समोर रिंग, आणि लांब वळणावर हॉर्न वाजला की बॉल तिथेच टाकून, "सर, येस्टी इली!" ...गेली! कॅप्टन गेली! तिच्यामागे अर्धी टीम गेली! मी कोर्टावर एकटा, बॉल घेऊन. दुसरी अलिना. ती गुणाची आहे, फार गुणाची, तोच तर रोग! समोरच्या पोरीच्या हातातून बॉल काढून घ्यायचा असतो ना, तर ती काढून घेते आणि म्हणते, "सॉरी हां, लागला काय गो?" आणि समोरची 'हो' म्हणाली तर परत देते! मी स्वतः बघितलंय! गेल्या वर्षी पहिल्याच सामन्यात आमची अशी काही धूळधाण झाली, की गुण लिहिणारा मुलगा माझ्याकडे बघून पाणी आणू का विचारत होता. आणि ह्या पोरी? हरल्या हरल्या भेळ खायला पळाल्या! तिखट सांगून! फोटो काढले, जिंकलेल्यांच्या गळ्यात हात टाकून!

तरी मी सुखी होतो, खोटं नाही सांगत. हरणारी टीम असली की माणसाला जेवण जातं, झोप लागते. यंदा तेही गेलं. कारण आली ती आरिफा.

ही आरिफा म्हणजे अलिनाची मामेबहीण, विजयदुर्गची. बाप गनीभाई, स्वतःची होडी, बंदरावर वट. पोरगी पहिल्या दिवशी वर्गाच्या दारातून आत आली ती वाकून. वाकून! मी व्हरांड्यातून बघितलं नि माझ्या हातातला कप कलला. गप्प पोरगी, बोलणं नाही, हसणं नाही, पण बॉल हातात दिला तर रिंगच्या खाली उभी राहून असा ठेवला आत, जसा आपण फडताळात डबा ठेवतो. पूजा ओरडली, "सर, बघितलास?" बघितलं गो बाई, बघितलं... तेव्हापासून माझं पित्त खवळलंय.

आता गंमत कशी, ऐका. ती रोज यायची, खेळायची, जायची. आणि लोक रोज विचारायचे. येता-जाता, कोर्टाच्या कडेला उभे राहून, "सर, औंदा काय चान्स?" आणि मी खरं बोलणारा माणूस, मी म्हणायचो, "कसला डोंबलाचा चान्स! काही चान्स नाही." ह्यात काय चुकलं? मैदान तसलं, खड्डे तसले, कॅप्टन एसटीची... मी काय खोटं बोलू?

तर एक दिवस आरिफा आलीच नाही. दुसऱ्या दिवशी नाही. मग आठवडा गेला. अलिनाला विचारलं, तर ओढणीशी खेळत म्हणते, "सॉरी सर, मामू नको म्हणतत." झालं! मला वाटलंच होतं. पूजा तर भडकलीच, "सर, तुमी जावा. तुमी बोला. नायतर मी जातंय!" तिला पाठवलं असतं तर विजयदुर्गाचा एक बुरूज आणखी पडला असता, म्हणून मीच निघालो. अलिना सोबत. एसटीत बसून अख्खं भाषण तयार केलं हो! मुलींचं शिक्षण, बदलता काळ, समाज, खेळातून व्यक्तिमत्त्व... असलं भाषण, की मला स्वतःलाच भरून आलं.

गेलो. गनीभाई पडवीत जाळं शिवत बसलेले. "येवा मास्तर, येवा!" पाणी आलं, चहा आला, तळलेली सुरमई आली. मी म्हटलं आधी बोलून घेऊ, नाहीतर सुरमई खाल्ल्यावर भांडता येत नाही. घसा खाकरला आणि सुरू केलं, "गनीभाई, आजच्या युगात मुलींना..." अर्धं भाषण झालं. माणूस सुई थांबवून माझ्याकडे बघतोय. मला वाटलं, विरघळला! तर म्हणतो, "मास्तर, ता सगळा बरा आसा. पण माझ्या आरिफाक नको कोण म्हणता?"

मी म्हटलं, तुम्ही.

"मी?" गनीभाई जाळं टाकून उभेच राहिले. "मी तिच्यासाठी रत्नागिरीसून बूट हाडलंय! माझ्या मापाचे! बायल माणसांत तो नंबर गावना नाय! ते बूट घेवन घरात बसली हा! मीच इचारतंय, कित्या जाणस नाय, तर तोंड उघडणा नाय!"

मी अलिनाकडे बघितलं. अलिना भिंतीकडे बघत होती. "सॉरी सर..."

सगळं भाषण वाया! गिळलं मी ते, सुरमईबरोबर. मग गनीभाईंनी आत हाक मारली, "आरिफा, भायर ये गो! मास्तर इले हत!" आली. दारातून वाकून. उभी राहिली. आणि आठ-पंधरा दिवसांत जेवढं बोलली नव्हती तेवढं एका दमात बोलली, "सर, मी फाटपटी उठान, पयली येस्टी धरून येतंय. नि तुमी आमच्याच म्होरे सगळ्यांका सांगतास, काय चान्स नाय. तुमकाच वाटणा नाय तर मी कित्याक येव?"

घ्या! म्हणजे खलनायक कोण? मी! तो बाप नाही, तो समाज नाही, ते युग नाही, मी! सुरमई माझ्या हातात तशीच. गनीभाई माझ्याकडे असे बघायला लागले, जसे काय मी बंदरावरून त्यांची होडी सोडून दिली. म्हणाले, "तुमी असा सांगतास, मास्तर?" मी म्हटलं, अहो मी गमतीत... "गमतीत?" तो माणूस एवढा शांतपणे बोलला ना, की मला घाम फुटला. "चेडू रडला हा माझा."

आता तुम्हाला सांगतो, मला रडणाऱ्या पोरी बघवत नाहीत, आणि न रडता उभ्या राहिलेल्या तर त्याहून बघवत नाहीत. ती तशी उभी होती, हात मागे बांधून, मान ताठ. मी म्हटलं, "बाई, मग करू काय?" ती म्हणाली, "कोण पण इचारल्यान तर म्हणाचा, चांगलो चान्स आसा. सगळ्यांका. आमच्या म्होरे."

म्हटलं, बरं. दिला शब्द. आणि तिथेच माझी वाट लागली.

परतीच्या एसटीत बाबली कंडक्टर. हा बाबली म्हणजे चालतं-फिरतं वर्तमानपत्र, त्याला एक गोष्ट विजयदुर्गात सांगा, खारेपाटणला तिची आवृत्ती निघते. तिकीट फाडता फाडता विचारतो, "सर, औंदा काय चान्स?" अलिना शेजारी बसलेली, कान टवकारून. मी दात ओठ खाऊन म्हटलं, "चांगला चान्स आहे." बाबलीने घंटीच मारली! गाडी थांबली! ड्रायव्हर ओरडतो, काय झाला? बाबली ओरडतो, "सर म्हणतत चान्स आसा!" अख्खी गाडी मागे वळून माझ्याकडे बघतेय! दुसऱ्या दिवशी टपरीवर ऐकलं की टीम जबरदस्त आहे. तिसऱ्या दिवशी दाढी करताना न्हावी म्हणतो, मुंबईला जाणार म्हणे. आठवडा संपायच्या आत एका माणसाने रस्त्यात माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "अभिनंदन!" अजून एक सामना झालेला नाही हो! एक!

आणि प्राचार्यांना हे कळल्यावर ते गप्प बसतील? "सर, एवढा चान्स आहे तर सिंधुदुर्गनगरीला एक मैत्रीपूर्ण सामना ठेवू. तिथली एक टीम तयार आहे." मैत्रीपूर्ण! लोकांची मैत्री होते, आमची शोभा होते!

निघालो. पोरी आणि प्राचार्य पुढच्या जीपमध्ये, मागे टेम्पो, टेम्पोत गनीभाई, त्यांच्या होडीवरचे खलाशी, रजा टाकून आलेला बाबली, आणि कोण कुठली माणसं, ज्यांना बास्केटबॉल म्हणजे काय हे शेवटपर्यंत कळलं नाही. एक जण मला विचारत होता, "सर, गोलकी खंयची?"

ओरोसचं, म्हणजे त्या सिंधुदुर्गनगरीचंच, ते कोर्ट बघितलं मात्र! चारी बाजूंनी सरकारी इमारती, मोठाली झाडं, कोर्ट गुळगुळीत, खड्डा औषधाला नाही! आमच्या पोरी बॉल आपटायच्या आणि तो वर यायचा, तर दचकायच्या! आणि समोरच्या टीममध्ये एक पोरगी... पोरगी कसली, शिडी! आरिफाच्या डोक्यावरून बघत होती ती.

सुरू झालं. पूजाने बॉल टाकला, बाहेर. आरिफाने लांबून टाकला, बाहेर. परत टाकला, बाहेर. सगळे डावीकडून! रिंगला लागेल तर शपथ! ओरोसवाल्या पोरी हसताहेत, टेम्पोतली माणसं हळूहळू सावलीकडे सरकताहेत, बाबली माझ्याकडे असा बघतोय, जसा काय मी विनातिकीट पकडला गेलो. मी डोकं धरून बसलो. शब्द दिला नसता तर आत्ता उठून ओरडलो असतो, काही चान्स नाही, घरी चला!

मध्यंतर झालं. पोरी घामाने निथळताहेत. आणि आरिफा अचानक बोट ओलं करून वर धरते. असं. होडीवर धरतात तसं. वर धरून उभी राहिली, आणि म्हणाली, "सर... हंय वारोच नाय!"

अरे! अरे देवा! वारा नाही! आणि ह्या पोरी मघापासून सड्यावरच्या वाऱ्याच्या हिशेबाने हातभर डावीकडे टाकताहेत! पूजाने कपाळावर हात मारला, तो मला ऐकू आला. "सरळ मारा गो! सरळ!" इमारतींच्या खिडक्यांतून साहेब लोक डोकावले तिच्या त्या आवाजाने!

आणि मग... काय सांगू तुम्हाला. सरळ मारायला लागल्या की हो! पूजा मारतेय, आत. आरिफा मारतेय, आत. ती शिडी आडवी येतेय, तर आरिफा तिच्या काखेखालून पूजाला देतेय, पूजा परत, आत! खलाशी टेम्पोच्या टपावर! गनीभाई कोर्टाच्या रेषेवर, पंच त्यांना मागे ढकलतोय, ते परत पुढे! आणि अलिना! त्या शिडीच्या हातातून अलिनाने बॉल काढला... मी डोळे मिटले, म्हटलं, आता सॉरी म्हणणार... नाही म्हणाली! बॉल घेऊन पळाली! मागे वळून बघितलंसुद्धा नाही! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे, धूळ होती तिथे, खूप धूळ होती.

शेवटी आम्ही एका बास्केटने मागे. वेळ संपत आलेली. बॉल पूजाच्या हातात. तेवढ्यात लांब हायवेवर कुठलीतरी एसटी वाजली, मी ऐकली, सगळ्यांनी ऐकली... हलली नाही पूजा. तिथेच उभी राहून तिने मारला. सरळ. बॉल रिंगवर बसला, फिरला, परत फिरला, सगळा ओरोस मान फिरवतोय त्याच्याबरोबर... आणि बाहेर पडला.

शिट्टी. हरलो.

पूजा तिथेच खाली बसली. आरिफा तिच्याशेजारी जाऊन बसली, मग अलिना, मग सगळ्या. कुणी रडत नाही, नुसत्या त्या रिंगकडे बघताहेत, अशा किळसेने, जसं काय त्या रिंगने त्यांच्या ताटात थुंकलं. मी उभा. बॉल उचलून शर्टाने पुसत राहिलो. धूळ होती ना त्याला! प्राचार्य टाळ्या वाजवत आले, "वा! हार-जीत चालायचीच! खिलाडू वृत्ती महत्त्वाची!" पूजा मान वर न करता म्हणाली, "सर, तुमी जरा बाजूक रवा." प्राचार्यांना! आणि ते राहिले!

येताना भेळ घेतली मी सगळ्यांना, म्हटलं खातील. एकीने पुडा उघडला नाही. अंधार पडायच्या आत सड्यावर पोचलो, गनीभाई टेम्पोतून उतरून माझ्याजवळ आले, म्हटलं आता हा माणूस मला बोलणार. तर हळूच म्हणतो, "मास्तर, आता खरा सांगा. कोण आयकणा नाय. औंदा काय चान्स?"

आणि तुम्हाला सांगतो, मी तोंड उघडलं आणि मला खोटं बोलावंच लागलं नाही. मी म्हटलं, "चान्स आहे, गनीभाई." आणि माझा भेळेचा पुडा त्यांच्या हातात कोंबला. कारण हरणार हे माहीत असलं की माणूस निवांत असतो हो! हे असं जिंकू शकतो म्हटल्यावर जेवायचं कसं, झोपायचं कसं?

दुसऱ्या दिवशी रविवार. हक्काचा रविवार! दारात पाचही जणी. पूजा म्हणते, "सर, ती शिडी आमका आडवता. तिच्या वरसून मारूची प्रॅक्टिस व्हयी." मी म्हटलं, शिडी आणू कुठून? तर आरिफाने परसात बघितलं, आमचा अंगण झाडायचा लांब दांड्याचा खराटा उचलला आणि माझ्या हातात दिला. "तुमी ह्यो वर धरून हुभे रवा, सर."

आता काय करू? गेली वीस-पंचवीस वर्षं मांडी ठोकून अख्खा तालुका लोळवलेला माणूस मी, त्या खड्ड्यांच्या कोर्टावर, भर उन्हात, डोक्यावर खराटा धरून उभा, आणि ह्या पाच पोरी माझ्या डोक्यावरून बॉल मारताहेत. चुकला की माझ्या टाळक्यात! "हलू नकात सर!" "हात वर सर!" तेवढ्यात कुंपणापलीकडून एक म्हातारी चालली होती, डोक्यावर गवताचा भारा. थांबली. भारा सावरत मला खालपासून वरपर्यंत बघितलं, खराट्याच्या टोकापर्यंत, आणि म्हणाली, "बाबा रे, हंयचा झाडून झाला की आमच्या खळ्यात येशीत?"

म्हटलं, येतो आजी. सीझन संपला की येतो.